अनुसयाबाईंची कुलपं

अनुसयाबाई खिल्लारे आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. कुरुंद्याहून आत वळलं की आमचं गाव लागतं. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात, मध्ये फक्त हातपंप. मी शाळेत पहिलीला शिकवते. त्यामुळे त्यांचा आवाज मी रोज ऐकलेला. लेकरांना हाका मारायचा त्यांचा आवाज पार वेशीपर्यंत जायचा. आता तो तितका चढत नाही.

त्यांचे मालक प्रेमानंद लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर हिंगोलीला बँकांची रोकड वाहणाऱ्या गाडीवर गनमन म्हणून लागले. अशा नोकरीला स्वतःच्या परवान्याचं हत्यार असलेला माणूस लवकर घेतात, म्हणून त्यांनी पिस्तूल घेतलं होतं. माणूस शिस्तीचा. इस्त्रीची पँट, कडक मिशा, बोलणं कमी. घरी आले की पिस्तूल काढायचं, गोळ्यांची मॅगझीन वेगळी करायची, आत एखादी गोळी राहिली का ते खिडकीच्या उजेडात बघायचं आणि दोन्ही कपाटात ठेवून द्यायचं, हे त्यांचं ठरलेलं. थोरला रतनपाल ते लहानपणापासून बघत आलेला. धाकटी आरोही माझ्या वर्गात होती. पुढचे दोन दात पडलेले, आणि तरी 'स' असलेला शब्द मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, सगळी पोरं हसावीत म्हणून.

ते झालं हळदीच्या दिवसांत. शाळा सकाळची होती. दुपारी गावात माणूस नाही, सगळे रानात. जिकडे तिकडे हळद शिजवायचे बॉयलर लागलेले, त्यांच्या वाफेचा आवाज चाललेला आणि सगळ्या गावावर तो ओला पिवळा वास. प्रेमानंद रात्रपाळी करून आले होते. गाडी वाटेत बंद पडल्यामुळे त्यांना उशीर झाला होता, दोन दिवसांची झोप डोळ्यांवर होती. त्यांनी मॅगझीन काढली, पिस्तूल कपाटात ठेवलं आणि तेवढ्यात त्यांचा भाऊ हाक मारत आला, म्हणून तसेच रानाकडे गेले. त्या दिवशी त्यांनी आत बघितलं नाही. एक गोळी नळीच्या मागच्या टोकाला, आत तशीच राहिली.

रतनपाल तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर. त्याला मोबाइलवर टाकायला फोटो पाहिजे होता. कपाट उघडायला काही करावं लागलं नाही. वडिलांचं बघून बघून त्याला ठाऊक होतं, की मॅगझीन बाहेर असली की पिस्तूल रिकामं. मॅगझीन बाहेरच होती. त्यानं पिस्तूल समोर धरलं आणि मोबाइल बहिणीच्या हातात दिला.

"इथं दाबायचं. हालू नको," एवढं सांगितल्याचं तो नंतर पोलिसांना म्हणाला.

मी आणि अनुसयाबाई तेव्हा अंगणवाडीतच होतो. त्या मोबाइलवर लेकरांची वजनं भरत होत्या, मी त्यांच्याशी बोलत बसले होते. आवाज आम्ही दोघींनी ऐकला. "कुणाचा तरी बॉयलर फुटला जणू," त्या म्हणाल्या आणि पुढच्या लेकराचं नाव टाकू लागल्या. मग रतनपाल आला. पळत नाही, चालत. हातपंपाजवळ थांबला. त्याच्या दोन्ही हातांना रक्त होतं आणि ते हात त्यानं अंगापासून लांब धरले होते, जसे काही दुसऱ्याचे आहेत.

"आई, ते खाली व्हतं," तो म्हणाला. "मॅगझीन न्हवती त्याच्यात. खरंच खाली व्हतं."

किसनराव पाटलांच्या मुलानं, वैजनाथनं, जीप काढली. वसमतच्या वाटेवर, अनुसयाबाईंच्या मांडीवर, आरोही गेली.

पुढचं सगळं अशा वेळी होतं तसं झालं. पंचनामा झाला, पिस्तूल जप्त झालं, प्रेमानंदांवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, परवाना गेला आणि त्याबरोबर नोकरीही. रतनपाल अल्पवयीन म्हणून त्याचं प्रकरण हिंगोलीला बाल न्याय मंडळासमोर चाललं. त्या दिवशी मी सोबत गेले होते, कारण अनुसयाबाईंना एकटीनं पायऱ्या चढवत नव्हत्या. मंडळाच्या बाई शांत स्वभावाच्या होत्या. पोराला त्यांनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग प्रेमानंदांकडे वळून विचारलं, "पिस्तुलाला कुलूप नव्हतं का?"

"कपाटाला व्हतं, म्याडम," प्रेमानंद म्हणाले. मग त्यांनीच पुढचं सांगितलं. "किल्ली कपाटालाच व्हती."

रतनपालला आईबापाच्या देखरेखीत घरी सोडलं. पण त्या घरात कोण कुणावर देखरेख ठेवणार? प्रेमानंद ओसरीत भिंतीकडे तोंड करून निजायचे. पोरगा आत. दोघांची ताटं अनुसयाबाई वेगवेगळ्या वेळी वाढायच्या, कारण एक बसला की दुसरा उठायचा. पोरानं शाळा सोडली. शेवटी अनुसयाबाईंचे भाऊ भीमराज त्याला नांदेडला घेऊन गेले, तिथं आयटीआयला घातलं. जाताना प्रेमानंद घरी नव्हते. मुद्दाम नव्हते, हे सगळ्यांना कळलं.

भाऊ आणि पोरगा गेल्यावर अनुसयाबाई मला एकदा म्हणाल्या, "बाई, पिस्तुलाला बी कुलूप ऱ्हातं का हो? त्या म्याडमनी इचारलं तवापासून मी त्याच्यावरच इचार करून राहिले. कपाटाचं न्हाई, पिस्तुलाचंच."

मला काय माहीत असणार. त्यांनी मग प्रेमानंदांना विचारलं. ते नुसते उठून गेले. रतनपालला भेटायला नांदेडला गेल्या तेव्हा भावाला घेऊन त्या हत्यारांच्या दुकानात शिरल्या. नऊवारी नेसलेली, हातात पिशवी घेतलेली बाई तिथं आलेली बघून दुकानदार गोंधळला. पण त्यानं दाखवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली करंगळीहून बारीक पोलादी तार आणि तिच्या टोकाला छोटं कुलूप. सायकलला लावतात तसंच, फक्त बारीक. पिस्तूल उघडं करून ही तार त्याच्या आतून घालायची, दुसरीकडून काढायची आणि कुलूप लावायचं. मग ते मिटतच नाही, चालायचं तर दूरच.

"आन् आत गोळी ऱ्हायली असली तर?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"तर तार जाणारच नाही," दुकानदार म्हणाला. "गोळी जिथं बसते तिथूनच तार जाते. तार गेली म्हणजे खाली आहे. कोणी घेत नाही हो हे. धूळ खात पडलंय."

हे मला सांगताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "बाई, तार गेली नसती," त्या म्हणाल्या. "त्यांनी नुसती तार घालाया घेतली असती तर ती गेलीच नसती. त्यांना कळलं असतं, आत हाय म्हणून." आणि मग त्या रडल्या. आरोही गेल्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा.

दुकानात होती तेवढी कुलपं त्या घेऊन आल्या. स्वतःच्या घरात आता हत्यार नव्हतं, म्हणून त्या दुसऱ्यांच्या घरी निघाल्या. आमच्याकडे असल्या परवान्याची माणसं किती? गावात एक किसनराव, कुरुंद्याला एकदोन, जवळा बाजारात एक ठेकेदार, सेनगावकडे प्रेमानंदांचे लष्करातले एक सोबती. पण अंगणवाडीच्या बाईला घराघरात जाता येतं. लेकराचं वजन विचारता विचारता त्या घरच्या बाईला हळूच विचारायच्या, "त्यांचं ते कुठं ठिवतात?" आणि बाईला ते नेहमी माहीत असायचं. गादीखाली, ज्वारीच्या कोठीत, गणपतीच्या फोटोमागं. पुरुषांना वाटायचं, घरात कुणाला माहीत नाही.

पहिल्यांदा त्या किसनरावांकडे गेल्या तेव्हा त्यांची नात प्रतिक्षा त्याच पलंगावर उड्या मारत होती, ज्याच्या उशाशी गादीखाली पिस्तूल होतं. किसनराव मोठे शेतकरी, हळदीचा व्यापारही करतात. माणूस वाईट नाही. आरोहीच्या वेळी सगळ्यात आधी त्यांचीच जीप आली होती.

"अनुसयाबाई, तुमचं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण चोर आल्यावर मी किल्ली हुडकत बसू का? कुलूप लावलं तर हत्यार ठेवायचं तरी काहून?"

"आबा, चोर कवा आलता का?"

"आला नाही, कारण हाय म्हणून माहीत हाय लोकायला."

"मंग लोकायला माहीत असलं की झालं. कुलपाचं कोण सांगून राहिलं त्यायला?"

किसनराव हसले. अनुसयाबाईंना वाईट वाटू नये म्हणून कुलूप ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला लावलेलं मी स्वतः बघितलं. मी अनुसयाबाईंना सांगितलं नाही, पण त्यांनीही बघितलं असावं. वाट तीच आहे.

जवळा बाजारच्या ठेकेदारानं तर घरात घेतलं नाही. "ज्यांच्या घरात घडलं त्यांनी आता आम्हाला शिकवायचं का?" असं तो दारातच, चार माणसांदेखत म्हणाला. बाजाराचा दिवस होता. त्या पिशवी घेऊन परत फिरल्या, भाजीसुद्धा न घेता. घरी आल्या आणि प्रेमानंदांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, भिंतीकडे बघत.

"बराबर बोलला तो," एवढंच म्हणाले.

मग विधानसभेची निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. किसनरावांनीही केलं. निकाल लागला, गुलाल उधळून झाला आणि एक दिवस किसनरावांच्या घरच्या पार्वतीकाकू स्वतः अंगणवाडीत आल्या. एरवी त्या फारशा बाहेर पडत नाहीत. लेकरं खिचडी खात होती. त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"अनुसया, ते ठाण्यात व्हतं तवर मला झोप लागली. इतक्या वर्सांत मला ठाव न्हवतं, मी रातीतून कितीक डाव उठते आन् उशाखाली हात घालून बघते ते. जमा केलं आन् माझं उठणंच गेलं. आता आज आणून राहिले परत. मी सांगितलंय, कुलपाशिवाय घरात आणलं तर मी प्रतिक्षाला घिऊन माहेरी जाते. या वयात."

"काय म्हणाले आबा?"

"काय म्हणत्यात. लाव म्हणले. पर लावायचं कसं ते कुणाला येतं? तुला येतं का?"

अनुसयाबाईंना येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात पिस्तुलाला हात लावला नव्हता आणि लावणारही नव्हत्या. येत होतं ते एकाच माणसाला.

त्या दुपारी त्यांनी प्रेमानंदांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी फक्त एवढं बघितलं की दिवस कलायच्या आधी दोघं रस्त्यानं चालले होते. त्या पुढं, पिशवी घेऊन, ते मागं. इस्त्री नाही, दाढी वाढलेली. पार्वतीकाकूंनी मलाही बोलावलं होतं, बाईमाणूस सोबत असावं म्हणून.

किसनरावांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. ते त्याच जातीचं होतं. काळं, तेवढंच. प्रेमानंद दारातच थांबले. किसनरावच शेवटी म्हणाले, "प्रेमानंद, राहू दे. मी नांदेडला जाऊन लावून आणतो."

"न्हाई," प्रेमानंद म्हणाले. "लेकरू कुठाय?"

"प्रतिक्षा? तिच्या आईसोबत शेजारी."

"दार लावून घ्या मधलं."

मग ते टेबलाशी आले. मॅगझीन काढताना ती त्यांच्या हातातून टेबलावर पडली. त्यांनी पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे धरलं, वरचा भाग मागं ओढला आणि आत बघितलं. खिडकीशी नेऊन परत बघितलं. करंगळी घालून चाचपलं. काही नव्हतं. तरी त्यांनी परत बघितलं, परत चाचपलं. परत. आम्ही सगळे उभे होतो. कुणाला 'बास' म्हणायचा धीर झाला नाही. त्यांच्या ओठांतून काहीतरी पुटपुटणं चाललं होतं आणि मला वाटलं ते मोजताहेत, पण जवळ गेल्यावर ऐकू आलं. "बघाया पायजे व्हतं. बघाया पायजे व्हतं."

अनुसयाबाईंनी पिशवीतून तार काढली आणि त्यांच्यापुढं धरली. "घाला आता," त्या म्हणाल्या.

तार वरून आत गेली आणि गोळीच्या रिकाम्या जागेतून, नळीच्या पुढच्या तोंडातून बाहेर आली. प्रेमानंदांनी दोन्ही टोकं जुळवून कुलूप दाबलं. खट्ट झालं. त्यांनी वरचा भाग सोडून बघितला. तारेवर अडून तो उघडाच राहिला.

"गोळ्या दुसऱ्या कपाटात," ते किसनरावांकडे न बघता म्हणाले. "किल्ली गळ्यात घाला. खिळ्याला न्हाई, फडताळात न्हाई. काकूला बी ठाव नको, कुणालाच नको. आन् काढताना, घालताना... आत बघत जा, पाटील." एवढं बोलून ते ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. अनुसयाबाई जाऊन शेजारी बसल्या. हात लावला नाही, समजावलं नाही. पार्वतीकाकूंनी चहा केला, तो निवून गेला.

तेव्हापासून कधी कधी दोघं जातात. सेनगावच्या सोबत्याकडे गेले, कुरुंद्याला गेले. प्रेमानंद बोलत काहीच नाहीत, फक्त तार घालून दाखवतात. बोलायचं काम अनुसयाबाईंचं. काही ठिकाणी लोक मान डोलावतात आणि नंतर कुलूप काढून टाकतात, हे त्यांना कळतं. काही ठिकाणी ठेवतात. ज्या घरात ठेवलं त्या घरात पुढं काय झालं, असं त्यांना कुणी सांगायला येत नाही, कारण तिथं काही झालेलंच नसतं. मी एकदा म्हणाले, "किती लेकरं वाचली असतील तुमच्यामुळं." मला वाटलं बरं वाटेल. त्या म्हणाल्या, "असतील बी. पर मला ती दिसत न्हाईत ना, बाई. मला एकच दिसती."

यंदा आरोहीच्या स्मृतिदिनाला रतनपाल नांदेडहून आला. मिसरूड फुटलंय, आवाज बदललाय. विहारात भन्तेजींनी वंदना घेतली, गावातली बरीच माणसं आली. रतनपाल शेवटच्या रांगेत बसला होता, डोकं खाली. मग त्यांच्या घरी जेवणं झाल्यावर मी भांडी आत न्यायला गेले तेव्हा मायलेक चुलीपाशी होते. मला बघूनही तो थांबला नाही. बहुतेक इतक्या दिवसांचं मनात धरून आला होता.

"आई, तुला माझा राग येतो का?"

कुठलीही आई 'नाही' म्हणाली असती. अनुसयाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"येतो," त्या म्हणाल्या. "तुझा येतो, तुझ्या पप्पांचा येतो. माझा बी येतो, किल्ली कपाटाला हाय हे मला रोज दिसत व्हतं. रोज येतो असं न्हाई. पर येतो."

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आन् तू आला न्हाईस का जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई," त्या म्हणाल्या. "दोनी खरं हाय, रतन. मी काय करू?"

तेव्हा तो रडला. पाच-सात वर्षांच्या पोरासारखा, नाक वाहत, आवाज काढून. ओसरीत प्रेमानंद होते. त्यांना ऐकू गेलंच असणार. ते आत आले नाहीत, पण उठून बाहेरही गेले नाहीत. रात्री दोघं एका पंगतीला बसले. रतनपालनं बापाच्या ताटात भाकरी वाढली आणि प्रेमानंदांनी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्याला परत जायचं होतं. मी वसमतला निघाले होते, म्हणून मीही फाट्यावर होते. प्रेमानंद त्याची बॅग घेऊन आले होते. दोघांच्या मध्ये दोन माणसं उभी राहतील एवढं अंतर. लग्नसराई असल्यामुळे गाडी खच्चून भरून आली. दाराशी झुंबड उडाली. रतनपाल मागं राहिला, त्याला रेटारेटी जमत नाही आता. प्रेमानंदांनी बॅग माझ्या हातात दिली, गाडीच्या मागच्या अंगाला धावले, आणि तिथल्या एका खिडकीतून हात घालून रिकाम्या सीटवर आपला रुमाल टाकला.

"रतन," त्यांनी हाक मारली. आरोही गेल्यापासून त्यांच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नव्हतं. "हिकडं ये. जागा धरलीय."

पोरगा माझ्या हातातली बॅग घेऊन चढला, जाऊन बसला. रुमाल उचलून त्यानं खिडकीतून बापाकडं धरला. प्रेमानंदांनी मान हलवली, ठेव म्हणून. गर्दी बघून मी पुढच्या गाडीनं जायचं ठरवलं. गाडी निघाली. धूळ खाली बसेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग घराकडे निघाले, अनुसयाबाईंना गाडी मिळाली म्हणून सांगायला.